उपोषणात शरीर कशावर चालतं? राळेगणसिद्धीच्या उपोषणापासून एकादशीच्या खिचडीपर्यंत, चरबीच्या जनुकांची गोष्ट

१० डिसेंबर २०१३. अहमदनगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. यादवबाबा मंदिराच्या परिसरात अण्णा हजारे लोकपाल विधेयकासाठी उपोषणाला बसले. १७ डिसेंबरला राज्यसभेनं आणि १८ डिसेंबरला लोकसभेनं विधेयक मंजूर केलं, आणि त्याच दिवशी उपोषण सुटलं. नववा दिवस होता आणि अण्णांचं वय होतं ७६.

त्याआधी ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीत त्यांचं उपोषण १६ तारखेपासून २८ तारखेपर्यंत चाललं होतं. पुढे ३० जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०१९ या काळात ते पुन्हा राळेगणसिद्धीतच बसले, वयाच्या ८१ व्या वर्षी.

या उपोषणांच्या राजकारणावर भरपूर लिहून झालंय, बोलून झालंय. पण टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एक साधा प्रश्न यायचा. आपल्याला दुपारचं जेवण दोन तास उशिरा मिळालं तरी डोकं दुखायला लागतं, मग माणूस इतके दिवस पाण्यावर राहतो कसा?

"अंगातली चरबी जळते" हे उत्तर सगळ्यांना माहीत आहे. पण चरबीला कोण सांगतं की आता जळायची वेळ झाली? आणि मग एकादशीला ती का जळत नाही? या प्रश्नांची उत्तरं आपल्या पेशींमधल्या जनुकांमध्ये आहेत. पुढे दिलेली माहिती अण्णांच्या वैद्यकीय तपासण्यांवरून घेतलेली नाही, तर उपवासावर जगभर झालेल्या संशोधनावरून घेतलेली आहे.

जनुकं तीच, पण दारं धरणारा वेगळा

"आमच्या घराण्यातच लठ्ठपणा आहे, जनुकांमध्येच आहे," असं आपण सहज म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं असतात. जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची लिहून ठेवलेली कृती. लिव्हरच्या पेशीतही तीच जनुकं आणि डोळ्याच्या पेशीतही तीच. फरक पडतो तो कोणत्या पेशीत कोणतं जनुक कधी वाचलं जातं, यानं. वाचलं गेलं तर प्रथिन बनतं, नाही वाचलं तर ते नुसतं पडून राहतं.

शेतात पाणी देताना आपण "दारं धरतो". एका वाफ्याचं दार फोडायचं, तो भिजला की बंद करून पुढचं फोडायचं. पाणी तेच, पाट तोच, पण कोणता वाफा भिजणार हे दारं धरणारा ठरवतो. शरीरात हे काम हार्मोन करतात. चरबीच्या बाबतीत त्यातला सर्वात मोठा अधिकारी म्हणजे इन्सुलिन.

जेवलात की काय होतं?

तुम्ही दोन पोळ्या, भात, वरण खाल्लं. रक्तात साखर वाढली. स्वादुपिंडानं इन्सुलिन सोडलं. इन्सुलिनचा निरोप एका वाक्यात सांगायचा तर असा: "माल आलाय, साठवून ठेवा."

हा निरोप दोन वेगांनी पोहोचतो. पहिला वेग मिनिटांचा. पेशीत आधीच तयार असलेली प्रथिनं लगेच चालू किंवा बंद होतात. चरबीच्या पेशीतून चरबी बाहेर सोडणारी यंत्रणा थांबते आणि स्नायू साखर आत ओढायला लागतात.

दुसरा वेग तासांचा. इथे जनुकं येतात. लिव्हरच्या पेशीत 'एसआरईबीपी-१सी' नावाचं एक प्रथिन आहे. नाव अवघड आहे, पण काम सोपं आहे. आपण त्याला 'साठवण मुकादम' म्हणू. इन्सुलिन वाढलं की हा मुकादम पेशीच्या केंद्रकात जातो आणि साखरेपासून चरबी बनवणारी जनुकं वाचायला लावतो. त्याच्या जोडीला आणखी एक प्रथिन असतं, जे थेट साखरेचं प्रमाण ओळखून हेच काम करतं. म्हणजे इन्सुलिन आणि साखर दोघंही एकाच दिशेनं ढकलतात.

म्हणूनच तेला-तुपाला हात न लावणाऱ्या, पण दिवसभर गोड चहा, बिस्किटं आणि कोल्ड्रिंकवर असणाऱ्या माणसाच्या लिव्हरवरही चरबी चढू शकते. ती चरबी त्यानं खाल्लेली नसते, त्याच्या लिव्हरनं साखरेपासून बनवलेली असते. साध्या साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो या जनुकांना जास्तच चेतवतो.

याच वेळी चरबीच्या पेशीत उलटं काम होतं. साठवलेली चरबी फोडणारं एक एन्झाइम आहे. इन्सुलिन असेपर्यंत त्याचं जनुक दबलेलं राहतं. कोठारात माल भरायचा चालू असताना मागच्या दारानं तो बाहेर काढायचा नाही, इतका साधा हिशोब.

जेवण थांबलं की काय होतं?

आता उपोषणाचा पहिला दिवस घ्या. शेवटच्या जेवणानंतर काही तासांत इन्सुलिन उतरतं. स्वादुपिंडातूनच येणारं दुसरं हार्मोन, ग्लुकागॉन, वर येतं. त्याचा निरोप बरोबर उलटा: "माल बाहेर काढा."

पहिल्यांदा निघतो लिव्हरमधला साखरेचा साठा. याला ग्लायकोजेन म्हणतात. तो साधारण १०० ग्रॅम असतो आणि सुमारे एका दिवसात जवळजवळ संपतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून खरा बदल दिसतो. इन्सुलिन खाली गेल्यामुळे चरबीच्या पेशीतल्या त्या एन्झाइमचं जनुक मोकळं होतं. ॲड्रेनालिनसारखी हार्मोन आधीच तयार असलेल्या एन्झाइमना कामाला लावतात. चरबी फुटून फॅटी ॲसिड रक्तात येतात आणि लिव्हरपर्यंत पोहोचतात.

लिव्हरमध्ये दुसरा मुकादम वाट बघत असतो. त्याचं नाव 'पीपार-अल्फा'. याची गंमत अशी की फॅटी ॲसिड स्वतःच याला जाऊन चिकटतात आणि जागं करतात. म्हणजे जळणारं इंधनच भट्टी पेटवायचा हुकूम देतं. मग चरबी जाळणारी आणि कीटोन बनवणारी जनुकं जोरात वाचली जातात. साठवण मुकादम तोपर्यंत गप्प झालेला असतो.

हा दुसरा मुकादम किती महत्त्वाचा आहे हे १९९९ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं. ज्या उंदरांमध्ये हे जनुकच काढून टाकलं होतं, त्यांना उपाशी ठेवल्यावर त्यांची साखर धोकादायकरीत्या उतरली, कीटोन नीट बनले नाहीत आणि लिव्हर चरबीनं भरून गेलं. अंगात चरबी भरपूर होती, पण ती जाळायची जनुकं चालू करणारा कुणी नव्हता. कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली, अशी गत.

कीटोन कशाला हवेत? मेंदूसाठी. मेंदू फॅटी ॲसिडवर चालत नाही, पण कीटोनवर चालतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये डॉ. जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ उपवास करणाऱ्या लठ्ठ स्वयंसेवकांचा अभ्यास केला. पाच-सहा आठवड्यांच्या उपवासानंतर मेंदूच्या इंधनाचा मोठा भाग, जवळपास दोन तृतीयांश, कीटोनमधून येत होता. २०११ च्या उपोषणात बातम्यांमध्ये 'कीटोन' हा शब्द ऐकू यायचा तो याचमुळे.

सात किलो गेले कुठे?

२०११ च्या उपोषणात अण्णांचं वजन सुमारे सात किलोनं घटल्याच्या बातम्या होत्या. सोशल मीडियाच्या भाषेत सांगायचं तर "बारा दिवसांत सात किलो". असं शीर्षक दिसलं की आपला अंगठा थांबतोच. पण जरा हिशोब करून बघू.

एक किलो शरीरातली चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. सात किलो म्हणजे जवळजवळ ५४,०००. बारा दिवसांत एवढी जाळायची तर रोज ४,५०० कॅलरी खर्च व्हायला हव्यात. मंचावर आडव्या पडलेल्या ७४ वर्षांच्या माणसाचं शरीर दिवसाला साधारण १,५०० च्या आसपास खर्च करेल. म्हणजे बारा दिवसांत १८,०००. सगळाच्या सगळा खर्च चरबीतून झाला असं धरलं तरी चरबी गेली सव्वादोन-अडीच किलो.

बाकीचं काय? बरंचसं पाणी आणि मीठ. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ग्लायकोजेन गेलं की ते पाणीही जातं. शिवाय इन्सुलिन उतरलं की किडनी जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकते.

आणि एक भाग स्नायूंचा. मेंदू आणि लाल रक्तपेशींना थोडी साखर लागतेच. ती बनवण्यासाठी ग्लुकागॉन आणि कॉर्टिसोल लिव्हरमधली साखर बनवणारी जनुकं चालू करतात आणि त्याचा बराचसा कच्चा माल स्नायूंच्या प्रथिनांतून येतो. उपवासाच्या सुरुवातीच्या दिवसांत रोज सुमारे ७५ ग्रॅम प्रथिन असं खर्च होतं. कीटोन वाढले की हा खर्च घटतो, पण थांबत नाही. उतारवयात गेलेला स्नायू परत मिळवणं सोपं नसतं.

म्हणून उपोषण हे आंदोलनाचं हत्यार असू शकतं, वजन कमी करायचा प्रोग्रॅम नाही.

मग वजन परत का येतं?

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं लेप्टिनचं जनुक शोधलं. तोपर्यंत चरबी म्हणजे नुसतं कोठार, असा समज होता. लेप्टिननं दाखवलं की कोठार बोलतंही. चरबीच्या पेशी हे हार्मोन रक्तात सोडतात आणि मेंदूला कळवतात की साठा पुरेसा आहे.

उपवास सुरू झाला की लेप्टिनचं प्रमाण झपाट्यानं घसरतं. चरबी थोडीच कमी झालेली असते, पण लेप्टिन त्या मानानं खूप उतरतं. मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. भूक वाढते, थायरॉइडचं सक्रिय हार्मोन कमी होतं, खर्चाला कात्री लागते.

हा शरीराचा दोष नाही. राळेगणसिद्धी पर्जन्यछायेतलं गाव. पाणलोटाची कामं होण्याआधी इथल्या शेतीनं कोरडी वर्षं भरपूर पाहिली. माणसाच्या इतिहासाचा मोठा भाग असाच गेला. दुष्काळात जो शरीराचा खर्च आवरेल तो तगेल. हीच हुशारी आज क्रॅश डाएट सोडल्यावर आपल्याला महागात पडते.

आता वळू एकादशीकडे

"एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण आपल्या पूर्वजांनी इन्सुलिनचा शोध लागायच्या कितीतरी आधी करून ठेवली.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ शुद्ध स्टार्च. प्रथिनं नावालाच. त्याची खिचडी, सोबत बटाटा, वर गोड दही, दुपारी राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी रताळ्याचा कीस. शेंगदाण्याचं कूट आणि तूप यामुळे साखर थोडी सावकाश चढते, पण कॅलरीही वाढतात. या दिवशी आपलं इन्सुलिन रोजच्याइतकंच, कधी कधी रोजच्यापेक्षा जास्त वर राहतं.

म्हणजे जनुकांच्या दृष्टीनं हा उपवास नाहीच. लिव्हरमधला साठवण मुकादम कामावरच आहे. त्याला पंचांग वाचता येत नाही. त्याला फक्त रक्तातली साखर आणि इन्सुलिन कळतं.

याचा अर्थ एकादशी करू नका असा अजिबात नाही. श्रद्धेचं कारण श्रद्धेपाशी. पण "मी आठवड्यातून दोन उपवास करते तरी वजन उतरत नाही" ही तक्रार असेल, तर उत्तर ताटात आहे.

दोन वेळा जेवण आणि ५५ मिनिटं

महाराष्ट्रात इन्सुलिन हा शब्द घरोघरी पोहोचवला तो दोन वेळा जेवणाच्या पद्धतीनं. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली ही पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केली. कडक भूक लागेल तेव्हाच जेवा, दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत, असं तिचं सूत्र.

यातली मूळ कल्पना वर सांगितलेल्या विज्ञानाशी जुळते. दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकलं की इन्सुलिनला उतरायला वेळच मिळत नाही. दोन जेवणांत मोठं अंतर ठेवलं, तर निदान त्या वेळात चरबीची दारं उघडतात.

पण घड्याळातल्या ५५ या आकड्यावर फार भार टाकू नका. साध्या जेवणानंतर इन्सुलिन दोन ते चार तासही वर राहू शकतं. ते काय खाल्लं, किती खाल्लं आणि तुमचं शरीर इन्सुलिनला किती दाद देतं, यावर अवलंबून असतं. आणि दोन जेवणांत मिळून गरजेपेक्षा जास्त खाल्लं तर अंतराचा फायदा तिथेच संपला.

बारीक आहात म्हणून निश्चिंत?

इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम माहीत असायलाच हवं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकसारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास त्यांनी चालवला, त्यात याचं मूळ जन्माच्याही आधी सापडलं. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव बारीक, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. ज्या मातांमध्ये गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली.

इन्सुलिनला दाद न देणं, म्हणजेच इन्सुलिन रेझिस्टन्स, इथे जनुकांचा एक विचित्र घोळ होतो. लिव्हरमधली साखर बनवणारी जनुकं इन्सुलिनचं ऐकेनाशी होतात, त्यामुळे साखर वाढते. पण चरबी बनवणारी जनुकं मात्र ऐकतच राहतात. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं आणि चरबी आणखी बनते. म्हणून मधुमेह, फॅटी लिव्हर आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड अनेकदा हातात हात घालून येतात.

तेव्हा वजनकाट्याबरोबर एक टेपही घरात ठेवा. भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झालं की चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते, त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रियांनी हा आकडा जास्त जपावा.

मग नेमकं करायचं काय?

काही गोष्टी साध्या आहेत. रात्रीचं जेवण लवकर उरकलं आणि सकाळपर्यंत काही खाल्लं नाही, तर बारा तासांचं अंतर फुकटात मिळतं. साखरेचं पेय बंद केलं की साठवण मुकादमाचं मोठं काम कमी होतं. ताटात डाळ, उसळ, अंडी, मासे यांपैकी काहीतरी नीट असू द्या, कारण स्नायू टिकले तर साखर जिरवायला जागा राहते. जेवणानंतर चालणं उपयोगी पडतं, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता साखर आत घेतो.

पण काही माणसांनी व्हिडिओ बघून उपवास करू नये. इन्सुलिनची इंजेक्शनं किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर उपाशी राहिल्यावर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या चालू असताना लांबलचक उपवास केला तर साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतात. नवरात्र असो, रोजे असोत की पर्युषण, डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. टाइप १ मधुमेहात तर इन्सुलिन मनानं बंद करणं जिवावर बेततं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं आणि वृद्ध यांनीही हे प्रयोग टाळावेत.

आणि उपवास बरेच दिवसांचा झाला असेल तर तो सोडणं हे सर्वात नाजूक काम. २०११ मध्ये अण्णांनी नारळपाणी आणि मध घेऊन उपोषण सोडलं, पंगतीला बसून नाही. एकदम पोटभर खाल्लं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींमध्ये ओढून घेतं. ते रक्तात फार कमी झालं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून असा उपवास डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडं थोडं खात सोडायचा असतो.

जनुकं बदलणं आपल्या हातात नाही. पण त्यांतली कोणती किती वेळ वाचली जातील, यात आपला वाटा मोठा आहे. तो वाटा रोजच्या ताटात आणि दोन ताटांमधल्या वेळेत असतो. पुढच्या वेळी "हे खा आणि चरबी जाळणारं जनुक चालू करा" असा फॉरवर्ड आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: त्यानं इन्सुलिन खाली येतं का, आणि किती वेळ?